उघडी मूठ सव्वा लाखाची

तिरंदाजीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या डाव्या कोपराखाली जांभळा वळ उठला. सुटलेल्या दोरीचा फटका, आणि तोही दर वेळी त्याच जागी. शिकवणारे गृहस्थ साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी वळाकडे पाहिलंही नाही, माझ्या मुठीकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. "अहो, पळून जाणार आहे का ते? मग एवढं आवळून कशाला धरलंय?"

मग त्यांनी धनुष्य काढून घेतलं आणि मला दारापाशी उभं केलं. हा प्रयोग तुम्हीही आत्ता करू शकता. डावा हात खांद्याच्या उंचीवर सरळ पुढे करा. चौकटीची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात घ्या आणि बोटं न मिटता चौकट ढकला. सगळा दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर येतो आणि तिथून मनगट, कोपर करत थेट खांद्यात उतरतो. हाडावर हाड उभं राहिल्यासारखा हात स्थिर होतो. आता तीच कड चारही बोटं वळवून गच्च आवळा. दाब तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूलाही पसरतो, मनगट थोडं फिरतं आणि कोपराची आतली मऊ बाजू पुढे येते. धनुष्य हातात असतं, तर ती नेमकी दोरीच्या वाटेत आली असती. माझा वळ तिथलाच होता.

आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिरंदाजीत बऱ्याचदा उलटं असतं. पण 'बऱ्याचदा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण जगात अशीही धनुष्यं आहेत जी उघड्या हाताने धरली तर हाती काही लागत नाही.

आधी मूठ इतकी महत्त्वाची का, ते पाहू. आपलं सगळं लक्ष दोरी ओढणाऱ्या हाताकडे असतं. ताकद तिथे लागते असं वाटतं. प्रत्यक्षात पूर्ण ओढलेल्या धनुष्यात उजवा हात जेवढ्या जोराने मागे ओढतो, तेवढ्याच जोराने डावा हात पुढे ढकलत असतो. ४० पौंडांचं धनुष्य असेल, तर सुमारे १८ किलोंचा भार तळहातावरच्या रुपयाएवढ्या जागेतून जातो. दोरी ताणलेली असते तोवर ती धनुष्याला सरळ धरून ठेवते, त्यामुळे मुठीतला पीळ दिसत नाही. दोरी सुटली की हा पीळ मोकळा होतो आणि धनुष्य डावीकडे किंवा उजवीकडे झटका घेतं. बाण दोरीवरून निघून जायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. माणसाचं शरीर एवढ्या वेळात काहीच करू शकत नाही, डोळ्याची पापणीही लवत नाही. म्हणजे सुटताना मूठ सावरू असं म्हणायला जागाच नाही. जी चूक आहे ती आधीच मुठीत बसलेली असते.

चूक लहान असली तरी तिचा हिशेब मोठा होतो. ऑलिम्पिकमध्ये ७० मीटरवर जे लक्ष्य असतं त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर. बाणाची दिशा एका अंशाने चुकली, तर ७० मीटरवर बाण सुमारे १२२ सेंटिमीटरच बाजूला जातो. केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर त्याच्या निम्मं, तेव्हा अर्धा अंश चुकला तरी बाण कडेला लागतो आणि एक अंश चुकला तर मागच्या मातीत शोधावा लागतो. एक अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत जेवढा सरकतो तेवढं.

म्हणूनच आजचे स्पर्धक हात जवळजवळ उघडा ठेवतात. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेल्या, धनुष्यावर वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. अशा खेळाडूंचे व्हिडिओ पाहा. बाण सुटल्यावर धनुष्य हातातून पुढे झेपावतं आणि मनगटाला किंवा बोटांना बांधलेल्या पट्ट्यावर लोंबकळतं. ते पडू नये याची काळजी पट्टा घेतो, हात घेत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात गांडीव हातातून गळतंय असं अर्जुन सांगतो, तेव्हा ते त्याच्या विषादाचं लक्षण आहे. मैदानावर मात्र धनुष्य हातातून सुटणं ही पुष्कळदा चांगल्या मुठीची खूण असते.

पारंपरिक लाकडी धनुष्यांकडे वळलं की गोष्ट गुंतागुंतीची होते. बाजारात मिळणाऱ्या लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या, धनुष्याच्या मधल्या भागाला पिस्तुलासारखा आकार दिलेला असतो. बेचकं बसायला खोल खोबण आणि तळहाताला टेकायला खाली उतार. ही मूठ हाताला जागा दाखवते, दुसरीकडे बसूच देत नाही. तिच्यातही तीन चाली आहेत. खालच्या पकडीत तळहाताची टाच मुठीवर पूर्ण टेकते आणि मनगट मागे वळतं. आराम भरपूर, पण जास्त मांस टेकलं की पीळ शिरायला जास्त वाव. उंच पकडीत फक्त बेचकं टेकतं, मनगट वर उचललेलं, हाताची वरची बाजू सरळ रेषेत. पीळ कमीत कमी, पण सगळा भार मनगटाच्या स्नायूंवर, त्यामुळे विसाव्या बाणानंतर मनगट खचू लागतं आणि दर बाणाला थोडं वेगळं खचतं. बहुतेकांचा हात शेवटी मधल्या पकडीवर येऊन स्थिरावतो. माझाही आला.

मूठ वर-खाली झाली की आणखी एक गोष्ट बिघडते. धनुष्याची वरची आणि खालची अशी दोन पाती असतात. मैदानावर त्यांना सगळे 'लिंब' म्हणतात आणि नवख्याला कडुलिंब आठवतो. तळहाताच्या टाचेने दाबलं की भार खालच्या पात्यावर जास्त पडतो, बेचक्याने दाबलं की तो वर सरकतो. दोन्ही पाती एकाच वेळी सरळ झाली तर बाण शांत जातो, नाहीतर शेपूट हलवत जातो. चांगला कारागीर म्हणून आधी विचारतो, तुम्ही धरता कसं? आणि खालचं पातं त्याप्रमाणे किंचित ताठ ठेवतो.

सरळ मुठीच्या लांब धनुष्याला हे सगळे लाड नाहीत. त्याच्या मधोमध खोबण नाही, उतार नाही, कातड्याचा एक पट्टा गुंडाळलेला, बस्स. हात दर वेळी किंचित वेगळ्या जागी बसू शकतो. यावरचा उपाय अमेरिकन तिरंदाज हॉवर्ड हिल याने दाखवला. १९३८ सालच्या रॉबिन हूडवरच्या हॉलिवूडपटात पडद्यावर दिसणारे कित्येक अचूक नेम त्याचेच. तो मूठ सैल सोडत नसे. प्रवासाची जड बॅग उचलताना बोटं जशी कडीभोवती वळतात आणि भार तळहाताच्या खालच्या बाजूला येतो, तशी त्याची पकड. नियम मोडला म्हणायचा का? नाही. हलक्या, सरळ धनुष्याला झटका जास्त असतो आणि हाताला जागा दाखवणारं काही नसतं. तिथे तीच घट्ट पकड दर वेळी पुन्हा करता येणं जास्त मोलाचं. सैलपणा हा गुण आहे, पण सातत्य त्याहून मोठा.

इंग्लंडच्या मध्ययुगीन लढाऊ धनुष्यांना तर कातड्याचा पट्टाही नसे. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली समुद्रातून वर काढण्यात आलं. त्यात १३७ अखंड लांब धनुष्यं मिळाली, आणि हजारो बाण. यू लाकडाच्या त्या दांड्यांना वेगळी मूठ नाही. मधला भाग जाड, पोटाकडे गोलसर, एवढंच. त्याच वर्षी, १५४५ मध्ये, रॉजर ॲस्कम याने तिरंदाजीवर इंग्रजीतला पहिला ग्रंथ छापला. त्याने नेमबाजीच्या पाच पायऱ्या सांगितल्या: उभं राहणं, बाण लावणं, ओढणं, ताणून धरणं आणि सोडणं. धनुष्य धरणाऱ्या मुठीला त्यात स्वतंत्र पायरी नाही. लहानपणापासून दांडा हातात असलेल्या समाजाला कदाचित ती सांगावीशीच वाटली नसावी.

या साध्या दांड्यांवर बाण टेकवायला फळी नसते. बाण सरळ हातावर टेकतो, मुठीच्या वरच्या बोटावर. इथे मूठ ही नुसती मूठ राहत नाही, ती बाणाचं टेकण होते. दोरीवर बाण खोचायची जागा तीच, पण मूठ बोटभर खाली सरकली की बाणाचं पुढचं टोक खाली आलं, त्याचा कल बदलला. शिवाय पिसांचा कडक दांडा बोटाच्या कातडीवरून खसकन घासत जातो. नवख्याच्या बोटावर लाल रेघ उमटते ती त्याचीच. म्हणून पिसांची पुढची टोकं दोऱ्याने गुंडाळून गुळगुळीत करतात.

आता बाजू बदलू. इंग्लंडात आणि एकूण युरोपात दोरी तीन बोटांनी ओढतात आणि उजव्या हाताचा तिरंदाज बाण धनुष्याच्या डाव्या बाजूला लावतो. तुर्कस्तानपासून मंगोलिया, कोरिया, जपानपर्यंत दोरी अंगठ्याने ओढण्याची पद्धत आहे. बाण तेव्हा धनुष्याच्या उजव्या बाजूला, अंगठ्यावर टेकतो. आपल्या जुन्या विद्येतही अंगठाच मुख्य. एकलव्याची कथा त्याशिवाय कळतच नाही. द्रोणाला अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी दोरी ओढू लागला आणि त्याचा पूर्वीचा वेग राहिला नाही, असं महाभारतात स्पष्ट म्हटलं आहे. वासिष्ठ धनुर्वेद संहितेत पाच मुठी सांगितल्या आहेत: पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्णी, मत्सरी आणि काकतुंडी. या सगळ्या दोरी ओढणाऱ्या हाताच्या, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्या वेगवेगळ्या गाठी. वज्रमुष्टीत अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे शिरतो. धनुष्य धरणाऱ्या मुठीच्या सदरात मात्र ग्रंथकार संधानाचे तीनच प्रकार देतो: अध, सम आणि ऊर्ध्व. दूरच्या माऱ्यासाठी खालचं, स्थिर लक्ष्यासाठी समान पातळीचं, कठीण वस्तू फोडायला वरचं. हातावरच्या टेकणाची उंची किती महत्त्वाची, हे त्याला पक्कं माहीत होतं.

शब्दांचाही इथे खजिना आहे. अमरकोशात धनुष्याच्या मधल्या भागाला 'लस्तक' म्हटलंय. डाव्या हातावर दोरीचा फटका बसू नये म्हणून बांधायच्या कातडी पट्ट्याला 'गोधा'. मला त्या पहिल्या आठवड्यात हवी होती ती हीच. फारसीत अंगठ्याला आणि तिरंदाज अंगठ्यात घालतात त्या कड्यालाही 'शस्त' म्हणतात. उर्दूत 'शिस्त बांधणे' म्हणजे नेम धरणे. मराठीतल्या शिस्तीचं गोत्र कुठलं, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

अंगठ्याच्या पद्धतीत डाव्या मुठीचं काम पालटतं. धनुष्य मधोमध कापलेलं नसतं, म्हणून उजवीकडे टेकलेला बाण सहजपणे उजवीकडेच जायला बघतो. त्याला सरळ आणायचं तर मुठीनेच धनुष्याला हलका पीळ द्यायचा. अरबी आणि तुर्की परंपरेत सुटताना मुठीला द्यायच्या या झटक्याला 'खत्रा' म्हणतात. ज्याला रिकर्व्हवाला दोष म्हणतो, तेच इथे कौशल्य. पण हा पीळ उघड्या हाताने देता येत नाही, खालची बोटं घट्ट लागतात. तुर्कांनी मुठीचा वापर आणखी पुढे नेला. इस्तंबूलच्या ओकमेदानी मैदानावर ते दूर पल्ल्याचे बाण मारत आणि विक्रमाच्या जागी दगडी खांब उभे करत. अशा माऱ्यासाठी बाण आखूड असे, ओढताना त्याचं टोक मुठीच्याही मागे येई. म्हणून डाव्या मनगटावर 'सिपेर' नावाची एक छोटी पन्हळ बांधत आणि बाण तिच्यावरून सरकवत. मूठ, टेकण आणि ढाल, तिन्ही एका हातावर.

या शाखेचं सर्वांत देखणं रूप जपानमध्ये आहे. तिथलं धनुष्य माणसाहून उंच, साधारण २२१ सेंटिमीटर, आणि मूठ मधोमध नाही. ती खालून एक तृतीयांश अंतरावर. जपानी क्युदोमध्ये बाण सोडण्याच्या आठ पायऱ्या आहेत आणि तिसऱ्या पायरीत डाव्या मुठीचा खास विधी आहे. त्याचं नाव 'तेनोउची', म्हणजे हाताच्या आतलं. तळहातावरची एक रेषा धनुष्याच्या बाहेरच्या कडेशी जुळवायची. बेचक्यातली कातडी किंचित आत वळवायची. मग करंगळी, अनामिका आणि मधलं बोट ही तिन्ही टोकं एका रांगेत आणायची, करंगळी अंगठ्याच्या जितकी जवळ येईल तितकी. तळहाताच्या मध्यभागी पोकळी राहायला हवी, जणू आत अंडं आहे. तर्जनी रिकामी. अंगठा लक्ष्याकडे. आता बोटांची मूठ घट्ट आहे, पण हात आवळलेला नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला विद्यार्थ्याला वर्षं लागतात.

अंगठ्याच्या मुळाने धनुष्याच्या उजव्या कडेवर दाब ठेवला की सुटताना धनुष्य हातातच फिरतं. बाण गेल्यावर दोरी गर्रकन वळून हाताच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबते. याला 'युगाएरी' म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, मनगटाची करामत असेल. पण मुद्दाम फिरवलेलं धनुष्य तिथे चूक मानतात. मूठ बरोबर असेल तर ते आपोआप फिरतं, नसेल तर फिरत नाही. मला ही कसोटी फार आवडते. नेम लागला की नाही यावर वाद घालता येतो, यावर घालता येत नाही.

महासागराच्या पलीकडे, कॅलिफोर्नियात, हाच प्रकार अगदी वेगळ्या माणसाच्या हातात दिसला. 'याही' नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस म्हणून ओळखला गेलेला इशी १९११ साली ओरोव्हिल गावी जंगलातून बाहेर आला आणि पुढची काही वर्षं विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. डॉ. सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली आणि बारकाईने लिहून ठेवली. इशी छोटं धनुष्य आडवं, अगदी हलकं धरायचा. बाण सुटला की धनुष्य त्याच्या हातात फिरायचं आणि दोरी उलट बाजूला यायची. जपानी गुरूंशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. इशी १९१६ मध्ये गेला. पोपची पुस्तकं वाचून मात्र अमेरिकेत शेकडो लोकांनी पुन्हा लाकडी धनुष्यं हातात घेतली.

आणि आपला तीरकामठा? सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्लांचा कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बहुधा बांबूच्याच लवचीक पट्टीची. मूठ म्हणून वेगळं काही नाही, बाण हातावरच टेकतो. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर भागातले भिल्ल एकलव्याची आठवण म्हणून अंगठा न लावता तर्जनी आणि मधल्या बोटाने बाण धरतात, असं सांगितलं जातं. उजव्या हाताच्या या पद्धतीचं कौतुक झालं, त्यावर बातम्या आल्या. डाव्या मुठीबद्दल कुणी फारसं विचारत नाही. खेळातल्या 'इंडियन राउंड'मध्ये आजही बांबूचं धनुष्य चालतं, ३० आणि ५० मीटरवर, आणि त्याच्यावर नेमाचं भिंग किंवा दुर्बीण नसते. तिथे उभी असलेली पोरं पाहिली की कळतं, ज्यांची मूठ पहिल्या बाणाला जिथे असते तिथेच शेवटच्या बाणाला असते, त्यांचेच बाण एकमेकांना चिकटून बसतात. मुठीवर त्यांनी एक चिंधी किंवा सुतळीचा वेढा मारलेला असतो. बोटाला जागा कळायला तेवढंही पुरतं.

मला विचाराल तर अमुक एकच मूठ बरोबर, असं सांगणाऱ्या माणसापासून जरा लांब राहा. बाण कुठल्या बाजूला टेकतो, दोरी बोटाने ओढली जाते की अंगठ्याने, मुठीला खोबण आहे की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरं धनुष्याकडून घ्या आणि मग हात ठरवा. क्युदोची मूठ रिकर्व्हवर आणली तर बाण भरकटतो. रिकर्व्हचा उघडा हात जपानी धनुष्यावर आणला तर बाण उजवीकडच्या भिंतीत जातो.

धनुष्य विकत घ्यायला गेलात, तर रंग आणि नक्षी नंतर पाहा. आधी ते डाव्या हातात घ्या, डोळे मिटा आणि हात आपोआप कुठे बसतो ते पाहा. डोळे उघडून बघा, खाली ठेवा, पुन्हा उचला. तीनदा केल्यावर हात तिन्ही वेळा त्याच जागी बसला, तर मूठ तुमच्या हाताची आहे. मग हवं तर दोरी ओढून पाहा, पण बाण न लावता ती सोडू मात्र कधीही नका. हळूहळू परत जागेवर आणा. रिकामी दोरी सुटली की बाणात जायचा जोर धनुष्यातच राहतो, आणि एका झटक्यात पातं तडकू शकतं.